पिकअपला जादा दिवे : आधी वायरची वाट, मग दिवा

— ऊस विकास अधिकारी



या पानावर एरवी मी बेणे, बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते आणि खोडवा यांविषयी लिहीत असतो. या वेळी विषय निराळा आहे. "ऊसवाल्या साहेबाला वायरिंगचे काय पडले?" असे कोणी विचारील, म्हणून घडलेली गोष्टच आधी सांगतो.

मागच्या सुरू लागवडीच्या दिवसांत, पूस महिन्यातल्या एका संध्याकाळी, मालखेडकडच्या एका सभासदाच्या पिकअपमधून बेणे आणत होतो. प्लॉट मी निवडलेला होता, म्हणून मीही केबिनमध्ये बसलो होतो. मागे बेण्याच्या मोळ्या. डोळ्यांना मार लागू नये म्हणून बेणे पाचटासकट ठेवावे आणि खाली पाचटाचा थर द्यावा, ही शिफारस माझीच. सभासदाने ती मनापासून पाळली होती, खाली चांगला वीतभर थर होता. दोनच दिवसांपूर्वी त्यांनी गाडीला मागे दोन जादा दिवे लावून घेतले होते. अंधार पडला, त्यांनी बटन दाबले. रस्त्यात एका खड्ड्यात गाडी आदळली आणि थोड्या वेळाने जळक्या प्लास्टिकचा वास आला. मागे वळून पाहतो तो फळ्यांच्या फटीतून धूर.

उतरलो. बॅटरीचा लग सोडायला पाना सापडेना. शेवटी सभासदाने हाताला पोते गुंडाळून ती वायरच ओढून तोडली. पाचटाला धग लागली होती, ज्वाळा उठायच्या होत्या. रस्त्याकडेची माती टाकून विझवले. बेणे वाचले, गाडी वाचली, आम्ही तिघे वाचलो. पाचट कसे पेट घेते हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात गाडी उघडून पाहिली. मी विचारले, "भाऊ, फ्यूज काऊन नाही लावला?" ते म्हणाले, "लावला होता साहेब, पन सारखा उडे. मंग मेकॅनिकनं सांगतलं, डायरेक्ट मारू, उजेड भारी येते." सारा दोष या दोन वाक्यांत आला आहे. फ्यूज उडत होता म्हणजे तो काहीतरी सांगत होता. आम्ही सांगणाऱ्याचेच तोंड बंद केले.

जादा दिवे लावूच नका, असे माझे म्हणणे नाही. उलट आपल्या भागात त्यांची गरज आहे. वऱ्हाडात ऊस सलग नाही. पऱ्हाटी, तूर, सोयाबीन आणि संत्र्याच्या मधे मधे तो विरळ आहे, म्हणून वाहतुकीचे अंतर लांब पडते. तोडीची टोळी दिवसभर तोडते, भरणी होईस्तोवर अंधार पडतो, आणि गाडी पांदणीतून सडकेला लागते तेव्हा रात्र झालेली असते. अमरावतीकडे पोहऱ्याच्या जंगलातून जाणाऱ्यांना रोही आणि रानडुक्कर आडवे येतात. त्यात उसाचे वाढे फाळक्याबाहेर लोंबते आणि गाडीचे मूळचे मागचे दिवे त्याखाली झाकले जातात. मागून मोटारसायकलवर येणाऱ्याला पुढे गाडी आहे की नुसता अंधार आहे हे कळत नाही. पूर्वी बंडीच्या आसाखाली कंदील टांगत असत, तो याचसाठी. तेव्हा दिवा हवाच. पण दिव्यापर्यंत जाणारी वायर कुठून कशी न्यायची, हे दिवा विकत घेण्याआधी ठरले पाहिजे.

त्या पिकअपमध्ये काय झाले ते जरा हिशेबाने पाहू. हिशेब सोपा आहे, उसाच्या बिलापेक्षा नक्कीच सोपा.

गाडीची वीज १२ व्होल्टची. दिव्याचे वॅट भागिले व्होल्ट म्हणजे त्यातून जाणारे अँपिअर. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॅट. त्याला १२ ने भागले की सुमारे ९ अँपिअर आले. घरात ११० वॅट म्हणजे काहीच नाही, कारण तिथे दाब २३० व्होल्ट असल्याने अर्धा अँपिअरही जात नाही. तेवढेच वॅट गाडीत घ्यायचे तर जवळजवळ वीसपट विद्युतप्रवाह लागतो. घरच्या अंदाजाने गाडीची वायर घेणारा माणूस इथेच फसतो. "दोन बल्बांना किती जाड वायर लागते!" असे म्हणून तो पाऊण चौरस मिलिमीटरची बारीक वायर आणतो.

पुढच्या बॅटरीपासून मागच्या फाळक्यापर्यंत वायर सहा मीटर तरी लागते. पाऊण चौरस मिलिमीटरच्या सहा मीटर तांब्याच्या वायरीत ९ अँपिअर गेले की सव्वा व्होल्ट वाटेतच खर्च होतो. म्हणजे दिव्याला १२ च्या जागी पावणेअकरा व्होल्ट मिळतात. हॅलोजनचे असे आहे की व्होल्ट दहा टक्के घटले तर उजेड दहा टक्के घटत नाही, सुमारे तीस टक्के घटतो. उरलेली वीज वायर तापवण्यात जाते. तीच वायर अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर तूट अर्ध्या व्होल्टच्याही आत राहते. "लाइट तं लावला, पन उजेडच येत नाई" ही तक्रार घेऊन बरेच सभासद जादा वॅटचा बल्ब टाकतात. त्याने प्रवाह वाढतो, वायर आणखी तापते, तूट आणखी वाढते. पाट गळका असेल तर मोटार मोठी घेऊन भागत नाही, पाट नीट करावा लागतो.

आजच्या दिवसांत मी तर एलईडी दिवेच घ्या म्हणेन. १८ वॅटचे दोन एलईडी म्हणजे ३६ वॅट, प्रवाह अवघा ३ अँपिअर. एक चौरस मिलिमीटरची वायर आणि ५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. वायरीवर आणि बॅटरीवर ताण कमी. मात्र एलईडी आहे म्हणून फ्यूज नको, असे कोणी समजू नये.

आता फ्यूजबद्दल. बहुतेकांची समजूत अशी की फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी असतो. फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो. दिवा जळाला तर दिव्याची किंमत गेली, वायर जळाली तर गाडी गेली. त्या रात्री झाले ते असे : वायर नेण्यासाठी पत्र्याला गिरमिटाने भोक पाडले होते आणि वायर त्यातून तशीच ओवली होती. भोकाची धार कोयत्यासारखी असते. गाडीच्या प्रत्येक हादऱ्याला वायरीचे प्लास्टिक थोडे थोडे कापले जात होते. खड्ड्यात आदळल्यावर तांबे पत्र्याला टेकले. गाडीचा सगळा पत्रा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो, तेव्हा हा सरळ शॉर्ट. ज्या बॅटरीच्या जोरावर स्टार्टर इंजिन फिरवतो ती अशा वेळी शेकडो अँपिअर सोडते. मध्ये फ्यूज नसल्याने वायर स्वतःच फ्यूज झाली, लाल झाली, आणि ती नेमकी पाचटाखालून गेली होती. आदल्या दिवशी फ्यूज उडत होता तोही याच भोकापायी. वायर तेव्हाच कधी टेकत होती, कधी सुटत होती.

म्हणून फ्यूज बसवायचा तो बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत. मागे दिव्याजवळ बसवलेला फ्यूज निरुपयोगी, कारण बॅटरीपासून तिथवरची सहा मीटर वायर उघडी राहते. दोन ५५ वॅट हॅलोजनसाठी १५ अँपिअरचा, निळ्या रंगाचा पात्याचा फ्यूज घ्यावा. १० अँपिअरचा लाल असतो, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. हे रंग ठरलेले आहेत. १५ चा उडाला म्हणून ३० चा घालू नये, आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी तर नाहीच नाही. एक राखीव फ्यूज गाडीच्या कप्प्यात ठेवावा. तोही उडाला तर दिवे बंद ठेवून घरी यावे आणि सकाळी वायर तपासावी.

रिले हा शब्द ऐकला की आपले लोक दचकतात. रिले म्हणजे चुंबकावर चालणारा बटनदार गडी. केबिनमधल्या लहान बटनातून ९ अँपिअर नेले तर बटनाचे टोक जळते आणि जाड वायर केबिनमध्ये आणावी लागते ती वेगळीच. रिले लावला की बटनातून पाव अँपिअरही जात नाही. ती वीज फक्त चुंबक ओढते आणि मोठा प्रवाह रिलेच्या आतून, जवळच्या वाटेने दिव्याकडे जातो. रिलेच्या बुडाशी आकडे छापलेले असतात. ३० वर बॅटरीकडून फ्यूजमधून येणारी वायर. ८७ वरून दिव्याकडे जाणारी. ८५ आणि ८६ ही चुंबकाची दोन टोके, त्यांपैकी एक बटनाकडे आणि दुसरे अर्थला. काही रिलेंना मधोमध पाचवा पाय असतो, ८७-ए. तो बटन बंद असताना चालू असतो! त्याला दिवा जोडला तर बटन दाबल्यावर दिवा विझतो, आणि बटन बंद करून घरी निघून गेलात की रात्रभर जळत राहतो. तो पाय मोकळाच ठेवावा.

(रिलेवरून आठवले. आम्ही त्या गाडीसाठी अमरावतीहून रिले आणि होल्डर मागवले तर पार्सल गेले चांदूर बाजारला. आपल्या गावाच्या नावापुढे 'रेल्वे' ठळक लिहिल्याशिवाय काही मागवू नये, हा अनुभव तुम्हालाही असेलच.)

बटनाला लागणारी वीज थेट बॅटरीवरून न घेता, चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या फ्यूजवरून घ्यावी. म्हणजे दिवा विसरला तरी चावी काढताच बंद होतो. ९ अँपिअर खाणारे दोन हॅलोजन सात तास चालू राहिले तर ६० अँपिअर-तासांची बॅटरी रिकामी होते. मग पहाटे तोडीवर जायच्या वेळी गाडी ढकलायला टोळी बोलवा.

आता मुख्य मुद्दा, वायरची वाट. इथे घाई करू नये. वायर कापण्याआधी एक सुतळी घ्या आणि जिथून वायर न्यायची तिथून ती सुतळी नेऊन पाहा. गाडीखाली आडवे पडून पाहावे लागेल, कपडे मळतील, त्याला इलाज नाही. सुतळीची लांबी मोजा, त्यात हातभर जादा धरा आणि तेवढी वायर घ्या. मध्ये जोड येता कामा नये. वायर मोटारगाडीसाठी असते तीच, बारीक धाग्यांची, लवचिक. एकाच जाड तारेची वायर हादऱ्याने आतल्या आत तुटते आणि वरून काहीच दिसत नाही.

काही पिकअपमध्ये बॅटरी बॉनेटखाली असते, काहींत चेसिसच्या बाजूला. बॉनेटखाली असेल तर इंजिनाच्या कोणत्या बाजूने धुराचा पाइप निघतो ते आधी पाहा आणि वायर दुसऱ्या बाजूने न्या. सायलेन्सर आणि त्याचा पाइप यांच्यापासून वायर निदान वीतभर दूर असावी. पंखा, पट्टा आणि स्टिअरिंगचा दांडा यांच्याजवळून नेऊ नये. उभ्या गाडीत वायर दूर वाटते, पण इंजिन रबरी माउंटिंगवर हलते आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आतले भाग कुठल्या कुठे जातात. एका माणसाला स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवायला सांगून तुम्ही बॉनेटखाली पाहावे.

केबिनमध्ये बटनाची वायर न्यायला नवे भोक पाडण्याची गरज सहसा पडत नाही. कंपनीच्या वायरी ज्या मोठ्या रबरी बुचातून आत जातात त्याच बुचाला बारीक छेद देऊन आपली वायर सरकवता येते. पाडावेच लागले तर भोकाची धार कानशीने घासावी, रंग लावावा आणि रबरी ग्रोमेट बसवल्याशिवाय वायर ओवू नये. ग्रोमेट काही रुपयांत मिळते. त्या पिकअपमध्ये नव्हते ते एवढेच. आत जाण्याआधी वायरीला खाली लोंबणारा एक वळसा द्यावा, म्हणजे पावसाचे किंवा धुण्याचे पाणी वायरीवरून ओघळून वळशाच्या तळाशी टपकते आणि केबिनमध्ये शिरत नाही.

केबिनपासून मागे जाताना वायर चेसिसच्या नळीसारख्या खाचेत, आतल्या बाजूने आणि वरच्या अंगाला बसवावी. खालच्या अंगाला बांधली तर पांदणीतले दगड आणि पऱ्हाटीची खुंटे तिला ओरबाडतात, चिखल बसतो. वरच्या अंगाला लोखंडाचे छप्पर आपोआप मिळते. लोडबॉडीच्या फळ्यांवरून, मालाखालून वायर कधीही नेऊ नये. त्या दिवशी ती तिथूनच गेली होती, 'सोपे पडते' म्हणून. वर दोन टन बेणे, खाली पाचट, मध्ये वायर.

चेसिसवरून डिझेलची नळी आणि ब्रेकची नळी जाते. त्यांना वायर बांधायची नाही. हात पुरतो, नळी समोरच असते, केबल टाय मारला की काम झाले असे वाटते. पण वायर तापली तर डिझेलच्या नळीशेजारी तापेल, आणि उद्या ब्रेकचे काम करणारा माणूस तुमची वायर ओढील. कंपनीच्या मूळ वायरिंगचा जुडगा जिथून गेला आहे तिथून तुमची वायर न्यावी. त्या लोकांनी उष्णता, पाणी, हादरे यांचा विचार करूनच ती वाट काढलेली असते. पण त्या जुडग्याला चीर पाडून आत आपली वायर जोडायची नाही, शेजारून न्यायची.

सगळी वायर काळ्या फ्लेक्सिबल पाइपातून ओवावी आणि दर फुटावर टाय बांधावा. केबिन आणि लोडबॉडी एकमेकांपासून सुट्या असतात, आणि खड्ड्यातून जाताना दोन्ही वेगवेगळ्या झुलतात. तिथे चार बोटे वायर ढिली ठेवा. ताणून बांधलेली वायर देखणी दिसते, पण पहिल्या हंगामातच लगापाशी तुटते. फाळक्यावर दिवा बसवणार असाल तर बिजागरीपाशीही अशीच ढील हवी. खरे म्हणजे फाळक्यावर दिवा बसवूच नये. तो खाली पाडला की दिवा जमिनीकडे पाहतो, आणि भरणीत मोळी आपटून फुटतो. दिवे लोडबॉडीच्या मागच्या खांबांना, बाहेरच्या अंगाला, वाढ्याने झाकले जाणार नाहीत अशा जागी बसवावेत.

जोड कसे करावेत? वायर पिळून वर टेप गुंडाळणे हा आपल्याकडचा राष्ट्रीय उपाय. उन्हाने टेपचा डिंक सुटतो, उसाचा रस आणि धूळ आत शिरते. उसाचा रस किंचित आंबट असतो, तांब्यावर हिरवा थर चढवतो आणि मुंग्या बोलावतो. थिंबल घेऊन ते पक्कडीने नव्हे, दाबायच्या खास हत्याराने दाबावे. आकसणारी स्लीव्ह वर चढवून तापवावी. हत्यार नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून तेवढे काम करून घ्या. जोडलेली वायर हाताने जोरात ओढून पाहा. सुटली तर ती आत्ताच सुटलेली बरी.

अर्थकडे सगळ्यांचे दुर्लक्ष होते. वीज जितकी दिव्याकडे जाते तितकीच परत यावी लागते, आणि ती चेसिसमधून येते. बोल्ट रंगावर आवळला तर वाट बंद. चेसिसवर रुपयाएवढी जागा कानशीने लखलखीत करा, गोल थिंबल ठेवा, दातेरी वायसर घालून बोल्ट आवळा आणि वरून ग्रीस फासा म्हणजे गंज चढत नाही. अर्थची वायर धन वायरीइतकीच जाड हवी. अर्थ खराब असल्याची खूण ओळखायला सोपी आहे : इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवाही त्याच तालावर मिचकावतो, ब्रेक दाबला की एक दिवा मंद होतो. बल्ब बदलून हे जात नाही.

हा अर्थ ट्रॉलीच्या बाबतीत तर हटकून चुकतो. ट्रॅक्टरच्या मागे, कधी पिकअपच्या मागे ट्रॉली लावणाऱ्या सभासदांनी हा भाग नीट वाचावा. बऱ्याच ट्रॉल्यांत फक्त धन वायरी नेलेल्या असतात आणि परतीची वीज हुकाच्या पिनमधून यावी अशी अपेक्षा असते. पिनला ग्रीस, माती, गंज. गाडी ओढत असताना पिन घट्ट टेकते तेव्हा दिवे लागतात, उतारावर सैल पडते तेव्हा विझतात. म्हणजे नेमका ब्रेक दाबायच्या वेळी दिवा नाही! सात पिनांच्या सॉकेटमध्ये तिसरी पिन अर्थसाठीच दिलेली असते, तिला जाड वायर जोडून ती ट्रॉलीच्या चेसिसला आवळा. बाकीच्या पिना अशा : पहिली डावा इंडिकेटर, दुसरी मागच्या धुक्याच्या दिव्यासाठी, चौथी उजवा इंडिकेटर, पाचवी उजवा मागचा दिवा, सहावी ब्रेक, सातवी डावा मागचा दिवा. वायरींच्या रंगांवर भरवसा ठेवू नये, कारण आपल्याकडे ज्याला जो रंग मिळाला तो त्याने टाकलेला असतो. पिनेवरचा आकडा वाचावा. दोन ट्रॉल्या एकामागे एक असतील तर दुसरीलाही तसेच. पहिल्या ट्रॉलीला दिवे आणि दुसरीला नाहीत, तर मागून येणाऱ्याचा अंदाज आणखी चुकतो. त्यापेक्षा दोन्हींना नसते तर तो निदान बिचकला असता.

वायर तुटू शकते, चकाकणारी पट्टी तुटत नाही. म्हणून दिवे असोत वा नसोत, पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे लाल पट्टी लावावी. ती पुसलेली असावी. चिखलाखालची पट्टी कोणाला दिसणार?

थोडे कायद्याचे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे पुढचा झोत कायम खाली झुकलेला किंवा चालकाला खाली झुकवता येणारा असावा लागतो. दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवता कामा नये. पुढे सर्चलाइट लावायला परवानगीशिवाय बंदी आहे. पुढे लाल आणि मागे पांढरा दिवा चालत नाही. मागचा पांढरा फक्त रिव्हर्सचा आणि नंबरप्लेटचा. भरणीसाठी मागे पांढरा कामाचा दिवा लावला असेल तर त्याचे बटन वेगळे ठेवा आणि सडकेला लागण्याआधी तो बंद करा. पुढचे जादा दिवे लावल्यावर गाडी सपाट जागी भिंतीसमोर ८ मीटरवर उभी करून झोत कुठे पडतो ते बघा. दिव्याच्या उंचीपेक्षा तो खाली पडला पाहिजे. माल भरल्यावर मागचा भाग दबतो आणि पुढचा झोत वर उठतो, म्हणून ही तपासणी भरलेल्या गाडीची करावी. आपण रोही दिसावा म्हणून दिवा लावतो आणि समोरून येणारा मोटारसायकलवाला आंधळा होतो, असे होऊ नये. तो बहुधा आपल्यापैकीच कोणाचा मुलगा असतो.

गाडी नवी असेल तर आणखी जपून. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांत इंजिन, धूर आणि बॅटरी यांवर संगणकाची नजर असते. तिथे बल्बच्या टेस्ट लॅम्पने वायरी टोचत बसू नये, मल्टिमीटर वापरावा. मूळ वायरिंग कापले तर वॉरंटीवर वाद निघतो. आधी शोरूममध्ये विचारून, जादा दिव्यांसाठी कंपनीचाच वेगळा वायरिंग सेट मिळतो का ते पाहावे.

काम सुरू करताना बॅटरीचे ऋण टोक आधी सोडावे आणि शेवटी जोडावे. उलट केले तर पाना पत्र्याला टेकताच ठिणगी. सगळे जोडून झाले की दिवे पंधरा मिनिटे चालू ठेवा, मग वायर, फ्यूजचा होल्डर आणि रिले यांना हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल तर वायर बारीक आहे किंवा जोड कच्चा आहे. होल्डर तापतो तो बहुतेक वेळा सैल पात्यामुळे.

त्या सभासदाची पिकअप आम्ही याच पद्धतीने पुन्हा केली. हॅलोजन काढून एलईडी टाकले, वायर फळ्यांखालून काढून चेसिसच्या खाचेत नेली. नव्या सामानाचा खर्च बेण्याच्या एका खेपेच्या भाड्याइतकाही आला नाही. वेळ मात्र सबंध दिवस गेला, त्यातला अर्धा गाडीखाली सुतळी धरून.

एक गोष्ट आम्हालाही नंतर कळली. हंगाम संपल्यावर पिकअप गोठ्याशेजारी कुटाराच्या ढिगाजवळ उभी राहिली आणि उंदरांनी नवी वायर दोन ठिकाणी कुरतडली. फ्यूज उडाला, एवढेच झाले. उसाच्या रसाने चिकटलेली वायर त्यांना गोड लागत असावी. तेव्हा हंगाम संपला की गाडीची खालची बाजू पाण्याने धुवा, बॉनेटखालचे पाचट काढा, गाडी कुटारापासून दूर उभी करा. दसऱ्याला गाडीची पूजा करण्याआधी बॅटरीपासून दिव्यापर्यंत वायरीवर बोट फिरवत जा. कुरतडलेली जागा बोटाला आधी कळते.